गिऱ्हाईक आलं नाही

चैत्रात तीन दिवस पाऊस.
पंचांगात नव्हता, बातम्यांत उशिरा आला.
उतरवलेल्या गुढीची साडी
अजून ओलीच, स्वयंपाकघरातल्या दोरीवर,
आणि गल्लीतला कडुनिंबाचा मोहोर
गटाराच्या कडेकडेने निघालाय मार्केट यार्डाकडे.
तिकडून उलटा येतो
भिजल्या हळदीचा वास.
तासगावहून साडूंचा फोन:
बेदाण्यावर ताडपत्र्या टाकतोय, नंतर बोलू.
नंतर बोलले नाहीत.

त्रिशला म्हणाली,
बसलाच आहात तर माळ्यावरचं ते खोकं तरी काढा.

ते खोकं म्हणजे अण्णांचं दुकान, उरलंय तेवढं.
मगदूम रेडिओ अँड टेप, खणभाग, सहा बाय आठ.
लोक टेप दुरुस्तीला टाकायचे
आणि कॅसेट आतच विसरायचे.
अण्णा ती काढून तिच्यावर कागद चिकटवायचे:
नाव, गाव, दुखणं.
आदगोंडा, समडोळी. घरघर.
मकबूल बँडवाले, मिरज. एकाच कानाने बोलतो.
डॉक्टरीणबाई, विश्रामबाग. गाणं गिळतो.
आणि खाली लाल शाईत, वर्षभर वाट पाहून:
गिऱ्हाईक आलं नाही.
कृष्णामाई मात्र आली, दोनदा, थेट शटरच्या वरपर्यंत.

घरातल्या टेपचा पट्टा सैल झालेला.
मेथीच्या जुडीचं रबर लावून पाहिलं,
चाललं.
फक्त सगळे आता अर्धा सूर खाली गातात,
जेवून उठल्यासारखे.

मकबूलची क्लॅरिनेट:
वरातीची एकच ओळ अकरा वेळा,
अकराही वेळा त्याच पायरीवर पाय घसरतो.
बाराव्यांदा नीट चढला
आणि म्हणाला, "चहा."

डॉक्टरीणबाईंचा पियानो, कुठल्या देशातला कोण जाणे.
त्रिशला भाकरी थापत होती.
तिचा हात त्यात शिरला
आणि पाचवी भाकरी होईपर्यंत बाहेर आला नाही.

मग म्हैसाळच्या कुणाचीतरी कन्नड पदं.
तिचं माहेर अथणी.
एका जागी ती पदर तोंडाला लावून हसली.
मी म्हटलं, काय म्हणतोय?
म्हणाली, मराठीत नाही सांगता येत.
बावीस वर्षं झाली लग्नाला.

उरुसातली रात्र, कव्वालीच्या ऐन भरात कुणाची तरी शिंक.
आदगोंडाचं भजनी मंडळ, आणि त्यावरच पुसून भरलेला
कुणा पोराचा डिस्को,
म्हणजे विठ्ठल विठ्ठल, आणि एकदम ढिशक्यांव.
तेवढ्यात लाइट आली, पंखा फिरला,
दोरीवरची साडी
आम्हा दोघांपेक्षा बरी नाचली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी तळाची कॅसेट.
गोदाक्का, हरिपूर. आवाज नाही.

लावली. गाणं नव्हतंच.
एक तांब्या ठेवल्याचा आवाज.
कोंबडी. लांबवर कुणाचं तरी खोकणं.
"अगं, हे चालू आहे का गं?"
कुणी उत्तर दिलं नाही.
बराच वेळ नुसतं घर.
मग पत्र्यावर पाऊस, आधी चार थेंब,
मग सगळाच.

आमच्या घराला पत्रा नाही, स्लॅब आहे.
हे कळायलाच मला वेळ लागला.
खिडकीत गेलो तर बाहेर उघडलेलं,
केव्हापासून, देव जाणे.
समोरचे कुंभोजे मोटारसायकल पुसत होते.

कॅसेटच्या मागे अण्णांचं अक्षर, पेन्सिलीने:
दोन्ही बाजू ऐकल्या. दोष नाही.

खट्.
त्रिशला साडी खांद्यावर घेऊन दारात उभी,
गच्चीवर वाळत घालायला निघालेली.
"उलटी करा की," म्हणाली,
आणि तशीच, ओली साडी मांडीवर घेऊन,
खाली बसली.